आडवा होणारा खांब: नागपूरच्या गच्चीवर हॅम अँटेना

माझ्या हॅम, म्हणजे हौशी रेडिओच्या, अँटेनाचा पहिला खांब पडला तो मृग लागायच्या दोन दिवस आधी. रात्री वावधन सुटलं, लाइट गेले आणि गच्चीवरून धाडकन आवाज आला. टॉर्च घेऊन वर गेले, तर २० फुटी पाइप शेजारच्या काकूंच्या चिकूवर आडवा पडलेला आणि कठड्याच्या सात विटा हुकासकट त्याच्या मागोमाग गेलेल्या. पाइप वाकला नव्हता, तार तुटली नव्हती. ताणाचा, म्हणजे खांबाला बाजूने ओढून धरणाऱ्या दोराचा, हुक मी साडेचार इंची विटांच्या कठड्यात ठोकला होता, एवढंच. शाळेत तीस वर्षं पोरांना बल आणि बलाचं आघूर्ण शिकवलं, आणि स्वतःच्या गच्चीवर हे! चिकू वाचला. काकूंची समजूत घालायला मात्र तीन डबे करंज्या लागल्या.

दुसऱ्या खांबाला आता ११ वर्षं झाली. मानेवाड्यातल्या आमच्या घरावर तो अजून जागच्या जागी आहे, कारण वर्षातून दोनदा मी त्याला निजवते. मी आणि भाचा, दोघं मिळून पाऊण तासात तो गच्चीवर आडवा करतो, तपासतो, दुरुस्त करतो, परत उभा करतो. माझ्या वयाच्या बाईला पाइपावर चढणं शक्य नाही, आणि तरुण माणसानेही चढू नये. तेव्हा तुम्ही अँटेनाचा विचार करत असाल, तर तो उभा कसा राहील याआधी खाली कसा येईल ते कागदावर काढा. बाकी सगळं त्यातून ठरत जातं.

लायसन्सचं थोडक्यात सांगते. केंद्राच्या दूरसंचार विभागाची परीक्षा द्यावी लागते, मग व्हीयू२ किंवा व्हीयू३ ने सुरू होणारी कॉलसाइन मिळते. त्याआधी हवेत शब्द सोडायचा नाही. सोनेगावच्या बाजूला, म्हणजे विमानतळाच्या आसपास घर असेल, तर उंचीचे नियम आधी बघून घ्या. विमानतळाभोवती कुठे किती उंच जाता येतं, ते प्राधिकरणाच्या रंगीत नकाशात दिलेलं असतं. घर भाड्याचं असेल तर मालकाची आणि फ्लॅट असेल तर सोसायटीची लेखी परवानगी घ्या. शेजाऱ्यांना तोंडी सांगितलं तरी चालतं, पण सांगा जरूर. आमच्या गल्लीत पहिला प्रश्न आला तो, "म्याडम, टॉवरचं भाडं किती भेटते?" मोबाइलचा टॉवर नाही म्हटल्यावर माझ्याबद्दलचा आदर जरा उतरलाच.

आणि विजेच्या तारा. खांब, तार, दोरी यातलं काहीही, कुठल्याही दिशेला पडलं तरी विजेच्या लाइनपर्यंत पोहोचता कामा नये. खांबाच्या उंचीच्या दीडपट अंतर मोकळं हवं. गल्लीतून ११ हजार व्होल्टची लाइन गच्चीला घासून जात असेल, तर खांबाचा नाद सोडा आणि कठड्याच्या आतल्या आत तार बसवा. इथे जुगाड चालत नाही.

कोणता अँटेना

सुरुवात ४० मीटर बँडच्या (७ मेगाहर्ट्झच्या आसपासच्या लहरींच्या पट्ट्याच्या) उलट्या व्ही डायपोलने करा. मध्ये एक उंच खांब, त्याच्या डोक्यापासून दोन बाजूंना उतरणाऱ्या दोन तारा. आपण झिरो माइलवाले. मुंबई, दिल्ली, चेन्नई, कोलकाता ही चारही शहरं नागपूरपासून सरळ रेषेत साधारण ७०० ते १००० किलोमीटरच्या आत येतात. ७ मेगाहर्ट्झची लहर फार उंच नसलेल्या तारेवरून निघाली की बरीचशी वरच्या दिशेने जाते आणि आयनांबरावरून (वातावरणातल्या वरच्या विद्युतभारित थरावरून) परतून याच अंतरांत उतरते. मुंबईकराला कोलकाता गाठायला जेवढं झटावं लागतं, तेवढं आपल्याला लागत नाही. भूगोलाने दिलेलं घ्यावं. शिवाय हीच तार तिप्पट फ्रिक्वेन्सीला, म्हणजे १५ मीटर बँडवरही बऱ्यापैकी चालते.

गच्चीच नसेल तर बाल्कनीसाठी दोन मीटर बँडचा चौथाई-लहर अँटेना करा. एसओ-२३९ या केबल जोडायच्या सॉकेटच्या मधल्या टोकाला ४९ सेंटिमीटरची कडक पितळी किंवा तांब्याची काडी उभी डाखायची, आणि चार कोपऱ्यांच्या भोकांत तेवढ्याच चार काड्या खाली ४५ अंशांत वाकवून बसवायच्या. एका दुपारचं काम आहे. अंतराळ स्थानक डोक्यावरून जात असताना १४५.८०० मेगाहर्ट्झवर कधीकधी बोलणं किंवा चित्रांचे सिग्नल येतात. माझ्या वर्गातल्या पोरांनी ते असल्याच अँटेनावर ऐकले होते.

जागा आणि पाय

नागपुरातल्या निम्म्या गच्च्यांवर पुढच्या मजल्यासाठी सोडलेल्या कॉलमच्या सळया गंजत उभ्या असतात. मजला काही होत नाही, सळया तशाच राहतात. अँटेनावाल्याला त्या सोन्याच्या आहेत. त्या सळयांभोवती गवंड्याकडून एक फूट उंचीचा काँक्रीटचा ठोकळा ओतून घ्या. त्यात खांबाची बिजागरी बसेल, किंवा ताणासाठी कडी. खांबाचा भार थेट कॉलमवर जातो आणि स्लॅबला भोक पाडावं लागत नाही. स्लॅबला भोक पाडलंत, तर पहिल्याच पावसात खालच्या खोलीचं छत सांगेल कुठे पाडलं ते. सळया नसतील तर कॉलम कुठे आहेत ते नकाशावरून शोधा. कठड्याच्या विटांना काहीही बांधू नका. त्याची किंमत मी करंज्यांत मोजली आहे.

माझी गच्ची २५ फूट रुंद, ४० फूट लांब. खांब मधल्या ओळीतल्या कॉलमवर आहे, मागच्या भिंतीपासून १२ फुटांवर. समोर २८ फूट मोकळी गच्ची उरते आणि खांबाची उंची २८ फूट. हा योगायोग नाही. आधी आडवं व्हायची जागा मोजली, मग पाइप घेतला.

पाइपाला इतवारीच्या लोहा ओळीत जा, आणि सोबत वर्नियर कॅलिपर न्या. दुकानदार हसतील, हसू द्या. पाइपाचं "इंच" हे नुसतं नाव असतं. दीड इंची जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी) पाइपाचा बाहेरचा व्यास ४८.३ मिलिमीटर, सव्वा इंचीचा ४२.४. बी क्लासच्या दीड इंचीत आतून साधारण ४२च उरतात, त्यामुळे सव्वा इंची त्यात जाता जात नाही. मी कागदावर दुर्बिणीसारखा खांब काढून गेले होते आणि दुकानाच्या फुटपाथवर अर्धा तास दोन पाइप एकमेकांत घालायचा प्रयत्न करत बसले. शेवटी आत एक इंची घेतला, ३३.७ मिलिमीटरचा. उरलेल्या फटीत वेल्डरने पट्टीचे तुकडे लावून तो घट्ट केला. क्लास रंगाच्या पट्ट्यावरून ओळखायचा: ए ला पिवळा, बी ला निळा, सी ला लाल. खांबाला निळा घ्या. पिवळा हलका पडतो, लाल उगाच जड.

खाली दीड इंची २० फूट, वर एक इंची १० फूट, दोन्ही एकमेकांत २ फूट घुसलेले, आरपार दोन बोल्ट. सगळं मिळून ३० किलोंच्या आसपास. वरच्या टोकाला टोपण बसवा, नाहीतर पावसाचं पाणी आत साचतं. आणि तळाला पाणी निघायला छोटं भोक ठेवा. बिजागरीसाठी १६ मिलिमीटरचा एकच बोल्ट पुरतो. उभा झाल्यावर दुसरा बोल्ट घालून खांब पक्का करायचा.

जमिनीतून उभा राहणारा खरा जाळीचा टॉवर मला परवडला नाही, आणि खरं सांगायचं तर गरजही पडली नाही. तुम्हाला उभारायचाच असेल तर एवढं ध्यानात असू द्या: आपली काळी माती पावसात फुगते, उन्हात आकसते. पाया मुरमापर्यंत नेला नाही तर टॉवर दरवर्षी थोडा थोडा मान वाकडी करतो. ते काम स्ट्रक्चरल इंजिनियरच्या सहीशिवाय करू नका.

ताण

ताण बांधायची जागा खांबापासून किती दूर असावी? ताण जितक्या उंचीवर बांधलाय त्याच्या ६० ते ८० टक्के. माझ्या बाजूच्या कॉलमपर्यंत १२च फूट मिळतात, म्हणून मी ताणाची रिंग २० फुटांवर, पाइपांच्या जोडापाशी ठेवली. १२ भागिले २०, बरोबर ६० टक्के. वरचे ८ फूट ताणाविना आहेत, पण त्यांवर फक्त तार आणि एक पुली आहे. वर बीम अँटेना (एकाच दिशेला लहर फेकणारा जड अँटेना) ठेवायचा असता तर हे चाललं नसतं.

चार ताण: डावा, उजवा, मागे, पुढे. डावा आणि उजवा बिजागरीच्या बोल्टच्या रेषेतच बांधले, तर खांब आडवा होताना ते ढिले पडत नाहीत, की ताणलेही जात नाहीत. खांब बाजूला कलंडत नाही. तीन ताणांनी खांब उभा राहतो, पण निजवायला चार सोयीचे.

दोरी कोणती? निळी-पिवळी प्लास्टिकची दोरी आणू नका. नवतपा संपेपर्यंत तिचा भुगा होतो, हातात धरली की केसासारखे काटे रुततात. नायलॉन ओलं झालं की लांबतं. पॉलिएस्टरची ६ मिलिमीटर विणलेली दोरी चांगली. मी तीन मिलिमीटरचा स्टीलचा वायर रोप घातलाय, मध्ये मध्ये अंड्याच्या आकाराचे इन्सुलेटर टाकून, म्हणजे तो अँटेनाच्या लहरीत लुडबुड करत नाही. विजेच्या खांबाच्या ताणाला असतात तेच अंडे. टोकाला थिंबल (दोराच्या वळशात बसणारी धातूची खोबण), तीन क्लिपा आणि टर्नबकल (फिरवून दोर ताणायचा स्क्रू). क्लिपची खोगिरासारखी बाजू लांब, भार घेणाऱ्या दोरावर यायला हवी आणि यू आकाराचा बोल्ट कापलेल्या शेपटीवर. उलटी लावली तर यू भाराच्या दोरालाच चावतो. टर्नबकल कसल्यावर त्याच्या पोटातून तारेचा एक आठ आकडा घाला, नाहीतर वाऱ्याच्या थरथरीने तो आपोआप सैल होत जातो.

उभा करताना

इथे घाई केली की माणसं जखमी होतात, म्हणून जरा सावकाश सांगते.

खांब गच्चीवर आडवा, डोकं पुढच्या कठड्याकडे, पाय बिजागरीत. मागची दोरी ओढून तो उभा करायचा. आता ती दोरी खांबाच्या २० फुटांवरच्या रिंगपासून थेट मागच्या कॉलमच्या कडीला नेली तर काय होईल? दोरी खांबाला समांतर, जमिनीलगत. तिचा आघूर्णाचा हात शून्य. दहा जणांनी ओढलं तरी खांब उभा होणार नाही, फक्त बिजागरीत ठासला जाईल. मग कोणीतरी मध्ये शिरून खांद्यावर घेतो, आणि तिथेच अपघात होतो.

म्हणून एक दुसरा पाइप लागतो, १० फुटांचा, खांबाच्या पायाशी काटकोनात जोडलेला. खांब आडवा असताना हा पाइप उभा असतो. डाव्या-उजव्या दोऱ्यांनी त्यालाही सावरायचं. रिंगपासून निघालेली दोरी आधी याच्या टोकाला, आणि तिथून पुलीतून मागच्या कडीला. आता दोरी १० फुटांवरून तिरपी १२ फूट मागे उतरते आणि तिला पावणेआठ फुटांचा हात मिळतो. खांबाचं वजन ३० किलो, त्याचा मध्य बिजागरीपासून साधारण १३ फुटांवर. गणित केलं तर सुरुवातीचा ओढा ५० किलोंच्या आसपास निघतो. दुहेरी पुली लावली की हातावर २५-३० किलो येतात. विहिरीतून पोहऱ्याने पाणी काढलेल्या माणसाला एवढं जमतं. खांब वर येतो तसा ओढा कमी होत जातो, आणि उभा होता होता तो अचानक पुढून मागे झुकतो. तेव्हा पुढचा ताण एकाने आधीच हातात धरलेला हवा. आमच्या पहिल्या वेळी भाचा मोबाइलवर व्हिडिओ काढून राहिला होता. तो व्हिडिओ घरात अजून दाखवतात. त्यात माझ्या तोंडचे शब्द शिक्षिकेला शोभणारे नाहीत.

वेळ सकाळी सहा ते आठ. मे महिन्यात दहा वाजता जीआय पाइपाला हात लावून बघा, दुसऱ्यांदा लावणार नाही. वारा असेल तर त्या दिवशी बेत रद्द. बूट, हेल्मेट, हातमोजे. खांबाच्या रेषेत कोणी उभं राहायचं नाही, पापड-कुरडयांचं वाळवण घेऊन वर येणाऱ्या सासूबाईंनीसुद्धा नाही. जिन्याचं दार आतून लावून घ्या.

खांबाच्या डोक्याला एक पुली आणि तिच्यातून दोरीचा अखंड वेढा ठेवा. डायपोलचा मधला भाग झेंड्यासारखा वर-खाली करता येतो, आणि तार जुळवताना दरवेळी खांब निजवावा लागत नाही.

तार मोजणं आणि जुळवणं

अर्ध्या लहरीची लांबी मीटरमध्ये हवी असेल तर १४२.६ ला मेगाहर्ट्झने भागा. ७.१ साठी साधारण २०.१ मीटर, म्हणजे एका बाजूला १० मीटरच्या वर थोडं. मी घरच्या वायरिंगची अडीच स्क्वेअर मिमीची पीव्हीसी तार वापरते. प्लास्टिकचं आवरण असलं की तार विजेच्या दृष्टीने थोडी लांब वागते, उलट्या व्हीची टोकं जमिनीकडे आली की तेही लांबवतं. म्हणून मोजलेल्यापेक्षा शेवटी तार आखूडच लागते. पण आधी लांब ठेवायची. लांब तार आखूड करता येते.

मी २०.५ मीटरने सुरुवात केली. वर चढवून नॅनोव्हीएनए (अँटेना तपासायचं छोटं यंत्र) लावला, तर एसडब्ल्यूआरचा तळ ६.९२ वर. एसडब्ल्यूआर म्हणजे अँटेनाकडून किती लहर परत फिरते त्याचं माप, १ सगळ्यांत चांगलं. मला हवा होता ७.०८. नवी लांबी म्हणजे जुनी लांबी गुणिले मिळालेली फ्रिक्वेन्सी भागिले हवी ती: २०.५ गुणिले ६.९२ भागिले ७.०८, उत्तर २०.०४ मीटर. म्हणजे ४६ सेंटिमीटर जास्त, प्रत्येक बाजूला २३. कापली नाही. टोकाच्या इन्सुलेटरमधून तेवढी मागे दुमडून तारेवरच पिळली. परत वर. तळ ७.०७ वर, एसडब्ल्यूआर १.३. तिथेच हात थांबवला. १.३ चा १.१ करायला लोक दिवस घालवतात. ऐकणाऱ्याला त्याचा काडीचाही फरक कळत नाही.

दोन्ही तारांमधला कोन ९० अंशांच्या खाली नको, १२०च्या आसपास असला तर छान. टोकं हाताला लागतील इतकी खाली आणू नका. प्रसारण चालू असताना टोकांवर चांगलंच व्होल्टेज असतं, चटका बसतो. कपडे वाळत घालायची दोरी तिथून दूर हलवा. माझं एक टोक पुढच्या कोपऱ्यात उभ्या केलेल्या पाइपाला आहे, दुसरं मागच्या कडुनिंबाला. झाड वाऱ्यात डुलतं, म्हणून तिथे दोरी पुलीतून घेऊन खाली पाण्याने भरलेली पाच लिटरची कॅन लटकवली आहे. झाड हललं की कॅन वर-खाली होते, तार तुटत नाही.

जिथे केबल तारेला मिळते तिथे चोक हवा, नाहीतर केबलची बाहेरची जाळीही अँटेना होते आणि खोलीतल्या माइकला ओठ लावले की झिणझिण्या येतात. २.४ इंची फेराइट रिंगवर आरजी-५८ केबलचे ११ वेढे घ्यायचे. ते सगळं प्लास्टिकच्या जंक्शन डब्यात घालून डब्याच्या तळाला भोक पाडा.

केबल: ४० मीटर बँडसाठी २५ मीटर लांब आरजी-५८ चालते, पाचवा हिस्सा शक्ती जाईल एवढंच. हीच केबल दोन मीटर बँडला लावली तर साधारण दोन तृतीयांश शक्ती केबल गरम करण्यातच जाते. तिथे आरजी-२१३ किंवा त्याहून चांगली घ्या, आणि शक्य तितकी आखूड. बाहेरच्या प्रत्येक कनेक्टरवर आधी स्वतःलाच चिकटणारी रबरी टेप ताणून गुंडाळायची, खालून वर, म्हणजे थर कौलांसारखे बसतात. तिच्यावर काळी पीव्हीसी टेप. नुसती पीव्हीसी टेप उन्हाळ्यात डिंकासारखी ओघळते. भिंतीतून आत शिरण्याआधी केबलला खाली झोळ द्या, म्हणजे पाणी तिथून टपकेल.

वीज आणि काळी माती

खांबाच्या पायापासून ८ नंबरची जीआय तार किंवा २५ गुणिले ३ ची पट्टी सरळ खाली जमिनीत. काटकोनात वळवू नका, विजेच्या झटक्याला तीव्र वळणं आवडत नाहीत. खाली ३ मीटरचा तांब्याचा मुलामा दिलेला रॉड. ही अर्थिंग घराच्या अर्थिंगला जाड तारेने जोडलेली हवीच. दोन अर्थिंग वेगळ्या ठेवल्या, तर जवळपास वीज पडल्यावर दोन्हींच्या पातळीत हजारो व्होल्टचा फरक पडतो आणि तो फरक तुमच्या रेडिओतून वाट काढतो.

आता काळ्या मातीचं. पावसाळ्यात ती छान ओलसर असते, अर्थिंग उत्तम. एप्रिल-मेमध्ये तिला भेगा पडतात, माती रॉडपासून सुटते, आणि नेमकं तेव्हाच वळवाच्या विजा सुरू होतात. म्हणून रॉडभोवती बेंटोनाइट (ओल धरून ठेवणारी माती) भरा आणि उन्हाळाभर आठवड्यातून दोनदा बादलीभर पाणी घाला. कूलरमध्ये रोज पाणी घालतोच ना, त्यातलं शेवटचं उरलेलं माझ्या अर्थिंगला जातं.

केबल घरात येते तिथे बाहेरच्या भिंतीवर लोखंडी डबा, त्यात गॅस ट्यूबचा अरेस्टर, डबा अर्थिंगला जोडलेला. अरेस्टर जवळच्या विजेचा धक्का झेलतो. थेट पडलेली वीज तो झेलेल अशा भ्रमात राहू नका. त्यामुळे ढग दिसले की केबल बाहेरच्या डब्यातच सोडवायची. गडगडाट ऐकू यायला लागल्यावर धावत गच्चीवर जायचं नाही. तोपर्यंत उशीर झालेला असतो. मी एप्रिल ते जून ऐकणं संपलं की केबल काढूनच झोपते.

वर्षभराची निगा

माझी वही सणांवर चालते. होळी झाली की पहिल्या रविवारी खांब आडवा. पुलीची दोरी बदलायची, क्लिपा कसायच्या, गंज घासून झिंकचा रंग द्यायचा, जोडाचे बोल्ट तपासायचे. वेल्डिंगच्या जागांवर गंज आधी येतो. मे अखेरीस मृगाच्या तयारीला फक्त ताण बघायचे; उन्हात तापून सैल झालेला दोर पावसात गार होऊन ताणला जातो, म्हणून सकाळच्या गारव्यातच मोजायचं.

पोळ्याच्या सुमारास, पाऊस अंगात मुरलेला असताना, एसडब्ल्यूआर मोजा आणि वहीतल्या जुन्या आकड्यांशी ताडून बघा. इथे एक गंमत आहे. आकडा अचानक सुंदर दिसायला लागला, सगळ्या बँडभर १.१, तर खूश होऊ नका. केबलमध्ये पाणी शिरलं की ती शक्ती खाते, परतणारी लहर वाटेतच मरते, आणि मीटरला वाटतं सगळं झकास आहे. मला एकदा दोन महिने कोणीच ऐकेना आणि मीटर मात्र कौतुक करत होता. कनेक्टर कापला तर जाळी काळी ठिक्कर पडलेली, एक मीटर आतपर्यंत. अशी केबल वाळवून परत वापरायची नसते.

ऐकण्यात खरखर वाढली असेल तर आधी घरातच शोधा. रेडिओ बॅटरीवर चालवून घराचा मेन स्विच बंद करा. खरखर थांबली तर चोर घरातच आहे. माझ्याकडे तो कूलरचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर निघाला, नंतर एक स्वस्त एलईडी बल्ब. मेन बंद करूनही चालूच असेल तर शेजाऱ्याचा सोलर इन्व्हर्टर किंवा विजेच्या खांबावरचा सैल जंपर (तारा जोडणारा तुकडा). पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत निघते तेव्हा गल्लीभर ओरडतात, "इडा पिडा घेऊन जाय गे मारबत!" मी मनातल्या मनात त्यात खरखरही घालते.

दसऱ्याला शस्त्रपूजनाआधी खांब दुसऱ्यांदा आडवा. पान्यांना हळदी-कुंकू लागायच्या आधी त्यांच्याकडून काम करून घ्यायचं. पावसाने काय खाल्लं ते आता दिसतं: डब्यात मुंग्यांचं घर, दोरीवर शेवाळ, टेपखाली पाणी. वानरांची टोळी ताणांवर झोके घेऊन गेली असेल तर टर्नबकल हमखास सैल सापडतात. वानरांवर उपाय मला मिळालेला नाही. पुढच्या ताणाला खालचे सहा फूट गुळगुळीत पीव्हीसी पाइप चढवून पाहिला, तर त्यांना घसरगुंडी मिळाली.

मग संक्रांत. १४ जानेवारीला नागपूरच्या आकाशात पतंग मावत नाहीत, आणि बंदी असूनही नायलॉन मांजा सुटतोच. तो तारेच्या आवरणात करवतीसारखा फिरतो. त्या दिवशी मी गच्चीवर जात नाही, पोरं "ओ काट" करत असताना दोरीशी झटापट नको. दुसऱ्या दिवशी सकाळी जाड हातमोजे घालून, पुलीने डायपोल खाली घेऊन, मांजा कात्रीने तुकडे तुकडे करून पिशवीत भरायचा. ओढायचा नाही, ओढला की तोच तार कापतो. चमकीचा मांजा असेल तर त्याचं दुसरं टोक सुटं आहे याची खात्री झाल्याशिवाय हात लावायचा नाही, ते कुठल्या लाइनवर पडलंय ते आपल्याला दिसत नाही आणि घरचा मेन स्विच बंद करून बाहेरची लाइन बंद होत नाही. लाइनवर गेलेलं दिसलं तर महावितरणला फोन, स्वतः बांबू घेऊन नाही. तारेचं आवरण सोललं असेल तिथे रबरी टेप, दोरीला चीर गेली असेल तर दोरी नवी. यंदा नऊ पतंग निघाले, त्यातले चार धड होते, ते खालच्या पोरांना दिले. डायपोल परत वर घेतला, ७.०८ वर १.३ आला, वहीत तारीख टाकली आणि तिळगूळ घेऊन काकूंकडे गेले.